बेगमी : घाटावरची आणि घाटाखालची

‘झाली का बेगमी?’ हा प्रश्न पूर्वी मे महिन्याच्या अखेरीस आपल्या बेळगावच्या गल्ल्यांतून हमखास ऐकू यायचा. विचारणारी शेजारीण दारात उभी असायची आणि उत्तरात सगळा हिशेब यायचा. कुरडया किती झाल्या, चटणी डंकावरून कांडून आली की नाही, लोणच्याच्या कैऱ्या फोडून झाल्या का, आमसुले कोणाकडून मागवली. आता हा प्रश्न फारसा कानावर येत नाही. उलट घरातली तरुण मुले विचारतात, बारा महिने दुकानात सगळे मिळते, मग उन्हात एवढा खटाटोप कशासाठी? प्रश्न रास्त आहे. ‘आपली परंपरा आहे’ एवढे सांगून त्याचे उत्तर होत नाही. परंपरा कशातून आली ते सांगावे लागेल, आणि त्यासाठी पाऊस, मीठ, घाटरस्ते आणि घरांची छपरे यांच्याकडे पाहावे लागेल.

आधी शब्द पाहू. ‘बेगमी’ फारसीतून आला. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘गम’ म्हणजे चिंता, दुःख. म्हणून बेगमी म्हणजे निश्चिंती. कोठीघर भरले की मनाला जी स्वस्थता येते, तेच नाव मराठीने साठवणीला दिले. घाट उतरून गोव्यात गेलो की याच साठवणीला ‘पुरुमेंत’ म्हणतात. तो शब्द पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतु’वरून, म्हणजे शिधा-सामग्री यावरून आला. एकाच गरजेला घाटावर फारसी नाव मिळाले आणि घाटाखाली पोर्तुगीज. गरज मात्र दोन्हीकडे राज्यकर्त्यांच्या आधीपासूनची आहे.

दोनशे किलोमीटरांत किती पावसाळे?

आंबोलीहून बेळगावमार्गे अथणीला जायचे तर रस्त्याने साधारण दोनशे किलोमीटर पडतात. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बेळगाव शहरात तो तेराशेच्या आसपास येतो आणि अथणीला पोचेपर्यंत सहाशेच्या आत उतरतो. खाली गोव्याच्या किनाऱ्यावर तो तीन हजारांच्या घरात असतो. समुद्रावरचे ओले वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, गार होतात आणि तिथेच रिकामे होतात. पलीकडे जाईपर्यंत त्यांच्यात फार पाणी उरत नाही.

या एका कारणाने दोन वेगळ्या बेगम्या जन्माला आल्या. घाटाखाली भीती पावसाच्या लांबण्याची. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ऊन नाही, समुद्र खवळलेला म्हणून मासेमारी बंद, ओढे-नद्या भरलेल्या म्हणून बाजाराची वाट बंद, आणि घरातली सगळी माणसे भातलावणीत गुंतलेली. म्हणून तिथली बेगमी मुख्यतः चार महिन्यांची. घाटावर, विशेषतः बेळगावच्या पूर्वेला, भीती पाऊस न येण्याची. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने हा सगळा पट्टा होरपळून काढला होता. तिथली बेगमी वर्षाची असे, आणि धान्याची शक्य असेल तर दोन वर्षांची.

बेळगाव या दोन्हींच्या मध्ये बसले आहे. पश्चिमेला खानापूर-चंदगडचा ओला डोंगराळ मुलूख, पूर्वेला काळ्या मातीचा कोरडा पट्टा. म्हणून आपल्या फळीवर आमसुलाची बरणी आणि कुरडयांचा डबा शेजारी शेजारी बसतात. आपल्याला ते इतके सवयीचे झाले आहे की यात काही विशेष आहे असे वाटत नाही.

पदार्थ टिकतो म्हणजे काय होते?

बुरशी आणि जंतू यांना वाढायला पाणी लागते. पदार्थातले पाणी काढून टाकले किंवा जंतूंना मिळेनासे केले की पदार्थ टिकतो. आपल्या सगळ्या पद्धती या एका सूत्राभोवती फिरतात.

ऊन पाणी उडवून लावते. पापड, कुरडया, सांडगे, शेवया, वाळवलेल्या मिरच्या हा सगळा उन्हाचा कारभार. मीठ पाणी बांधून ठेवते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की काही तासांत खाली पाणी सुटते ते आपण पाहतोच. जे पाणी आत उरते ते मिठाने इतके धरलेले असते की जंतूंना त्याचा उपयोग होत नाही. लोणच्याला किलोभर फोडींमागे पाव किलोच्या आसपास मीठ लागते ते यासाठी. हात आखडला तर लोणचे श्रावणातच दगा देते. साखर आणि गूळही पाणी बांधतात, म्हणून साखरांबा आणि गुळांबा टिकतो. उसाचा रस दिवसभरात आंबतो, तोच गुऱ्हाळात आटवून गूळ झाला की वर्ष काढतो. आंबटपणा बहुतेक घातक जंतूंना मानवत नाही, तिथे कैरी, लिंबू, कोकम कामाला येतात. आणि लोणच्यावर बोटभर तेल तरंगते ठेवायचे ते हवा आत जाऊ नये म्हणून, कारण बुरशीला हवाही लागते. ओला चमचा बरणीत घालू नका, हे आजीचे ओरडणे सोवळ्यापेक्षा या सूत्राशी जास्त जवळचे होते.

आता यातली कोणती पद्धत कुठे वापरायची, हे त्या जागेच्या हवेने ठरवले. कोरड्या हवेत ऊन एकटे पुरते. दमट हवेत ऊन एकटे पुरत नाही, त्याला मिठाची जोड लागते. घाटावर आणि घाटाखाली फरक पडतो तो इथे.

घाटाखाली : मिठाचा मुलूख

गोव्यात मांडवी-जुवारीच्या काठाने फिरताना पाण्याने वेढलेली, बांध घातलेली सपाट शेते दिसतात. त्यांना खाजन म्हणतात. भरतीचे खारे पाणी बांधाने अडवायचे आणि ‘मानस’ नावाच्या लाकडी झडपांच्या दारातून हवे तेवढेच आत घ्यायचे, अशी ही रचना शेकडो वर्षांची आहे. पावसाळ्यात वरचे पाणी मातीतला खार धुऊन नेते, तेव्हा तिथे कोरगुटसारखे खारे पाणी सोसणारे भात होते. पावसाळा संपल्यावर काही खाजनांत पुन्हा समुद्राचे पाणी घेतात आणि त्यांचीच मिठागरे होतात.

मिठागराचे काम फेब्रुवारीच्या सुमारास भराला येते. चिकणमातीचा तळ पायांनी आणि लाकडी थापीने चोपून घट्ट करतात. खारे पाणी एका वाफ्यातून पुढच्या वाफ्यात सरकवत नेतात आणि ते उन्हाने दाट होत जाते. शेवटच्या उथळ वाफ्यात मिठाचे खडे धरतात. ते लांब दांड्याने ओढून काठाला ढीग लावतात. मेअखेर पहिली सर आली की हंगाम संपला. पेडण्याच्या आगरवाड्यासारख्या गावाच्या नावातच ‘आगर’ म्हणजे मिठागर आहे. बांधांची आणि मानशींची देखभाल एकट्या शेतकऱ्याला पेलणारी नव्हती. ती गावाच्या सामूहिक संस्थेकडे असे. तिला गावकारी म्हणत आणि पोर्तुगीज अमलात कोमुनिदाद हे नाव रूढ झाले. म्हणजे मिठाच्या एका खड्यामागे जमीन, भरती-ओहोटीचे ज्ञान आणि गावाची व्यवस्था अशा तीन गोष्टी उभ्या आहेत.

हे मीठ हाताशी होते म्हणून किनाऱ्याची बेगमी तशी घडली. बांगडा तेलकट मासा, नुसता वाळवला तर खवट होतो. म्हणून तो चिरून मिठात मुरवतात आणि मग वाळवतात. बारीक सुंगटे आणि जवळा उन्हातच चटकन वाळतात. कोवळ्या कैऱ्या मिठात दाबून ठेवतात, त्यांना गोव्यात चेपणी म्हणतात. कोकमाची साल वाळवताना तिला मीठ घातलेल्या कोकमाच्याच रसाची पुटे देतात, पुन्हा वाळवतात, पुन्हा रसात बुडवतात. त्यातून आमसूल काळे, मऊ आणि आंबट होते. रस मिठात मुरवला की आगळ. बियांचे तेल वेगळे निघते आणि थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावायला कामी येते. फणसाच्या गऱ्याची पोळी, आंब्याची पोळी, कैरीच्या सुकवलेल्या आंबोशी आणि आठळ्या यांनी माळा भरतो.

हा माल विकत घ्यायच्या जत्रा एप्रिल-मे महिन्यांत भरतात. म्हापशाला ईस्टरनंतर येणारे मिलाग्र सायबिणीचे फेस्त आणि मडगावला होली स्पिरिट चर्चचे फेस्त ही मोठी उदाहरणे. फेस्त ख्रिस्ती असले तरी तिथल्या फेरीत मीठ, सुकी मासळी, सोले, मिरची घ्यायला हिंदू कुटुंबेही तितक्याच आवडीने जातात. पावसाची तारीख सर्वांना सारखीच असल्याने बाजाराची तारीखही एकच झाली. सण आणि बेगमी यांची अशी सांगड पुढेही दिसते. समुद्र शांत झाल्यावर नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा पाण्यात जातात. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदी असते. निसर्गाने पाळायला लावलेली सुट्टी आता कायद्यात आली, एवढाच फरक.

घाटावर : उन्हाचा मुलूख

घाटाच्या दोन बाजूंची घरे पाहिली तरी बेगमीचा फरक कळतो. कोकण-गोव्यात छप्पर उतरते, कौलारू किंवा पूर्वी गवताचे. त्यावर वाळवण घालता येत नाही, म्हणून घरापुढचे शेणाने सारवलेले खळे-अंगण हीच वाळवणाची जागा. पावसाळ्यात चुलीवरच्या उतरंडीला आणि माळ्याला धूर लागत राहतो आणि सुकवलेले जिन्नस कोरडे राहतात. पूर्वेकडे अथणी, विजापूर, सोलापूरच्या बाजूला मात्र माळवदाची घरे, म्हणजे सपाट मातीची छपरे. कमी पावसाने सपाट छप्पर शक्य केले आणि सपाट छपराने कुरडया-सांडग्यांना कुत्र्या-मांजरांपासून दूर, दिवसभर उन्हात राहणारी जागा दिली. बेळगावच्या जुन्या गल्ल्यांतली घरे कौलारू, त्यामुळे आपल्याकडे वाळवण परसात बाजेवर जुने धोतर पसरून होई. स्लॅबच्या गच्च्या आल्या आणि बाजा वर गेल्या.

उन्हावर अवलंबून असल्याने घाटावरच्या बेगमीला तिथीही उन्हाची. कुरडईचेच पाहा. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचे, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा, सकाळी वरचे पाणी ओतून चीक शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा. पाचव्या दिवशी ऊन पडले नाही तर चारही दिवस वाया. आपल्याकडे एप्रिलच्या मध्यापासून दुपारनंतर वळवाचे ढग जमतात. म्हणून शिमगा झाल्यावर सुरुवात करून अक्षय्य तृतीयेच्या आत कुरडया-पापड उरकायचे, ही जुन्या बायकांची शिस्त होती. पंचांगात ती कुठे लिहिलेली नाही, ती हवामानातून आली. त्यानंतर मिरची वाळवून वर्षाची चटणी, आणि अगदी शेवटी, कैरीत आंबटपणा आणि बाठ पक्की धरल्यावर लोणचे.

मिरचीनेही मुलूख घडवला. संकेश्वरी मिरची तिखटाला, ब्याडगी रंगाला, ही आपल्या चटणीची जुनी वाटणी. ब्याडगी मिरचीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हावेरी जिल्ह्यातल्या त्या गावाचा सगळा बाजार वाळलेल्या मिरचीवर उभा आहे.

साठवणीने बाजारपेठ घडवल्याचे आणखी ठळक उदाहरण सांगलीजवळच्या हरिपूरचे. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या मातीत तोंड अरुंद आणि पोट मोठे अशी पेवे खणत आणि त्यांत हळद भरून तोंड दगड-मातीने बंद करत. आतली हवा संपली की कीड जगत नाही, त्यामुळे हळद वर्षानुवर्षे राहते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, बाहेरची हवा खेळू द्यायची, नाहीतर माणूस गुदमरायचा, हा नियम सर्वांना ठाऊक होता. भाव पडला तर माल पेवात ठेवायचा आणि चढला की काढायचा, ही सोय असल्याने सांगली हळदीची मोठी पेठ झाली. आम्ही बँकवाले याला तारण म्हणू. टिकणारा माल असेल तरच त्यावर कर्ज मिळते आणि शेतकऱ्याला थांबता येते. ज्याचा माल उद्या नासणार आहे त्याला आजच्या भावाला विकावेच लागते. २००५ च्या महापुरात पाणी शिरून हरिपूरच्या पुष्कळ पेवांची हानी झाली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण तिचे नाव मोठे करण्यात पेवांचा वाटा होता हे विसरू नये.

घाटरस्त्यांवरची देवघेव

घाटावर मीठ पिकत नाही आणि घाटाखाली मिरची, गूळ, डाळी पुरेशा होत नाहीत. म्हणून रामघाट, आंबोली, चोर्ला, अनमोड अशा वाटा रुळल्या. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून तांडे मीठ, सुकी मासळी, आमसुले, खोबरे वर आणत आणि धान्य, गूळ, मिरची खाली नेत. तांडे हाकणाऱ्या लमाणांचे नावही ‘लवण’, म्हणजे मीठ, यावरून आले असे मानतात.

लवणाचा आणखी एक वंशज आपल्या रोजच्या ताटात आहे. ‘लोणचे’ हा शब्द लवणावरूनच आला. कानडीत लोणच्याला ‘उप्पिनकायी’ म्हणतात. उप्पु म्हणजे मीठ आणि कायी म्हणजे कच्चे फळ. दोन्ही भाषांनी तेल, मोहरी, हिंग बाजूला ठेवून मिठालाच मान दिला, कारण ज्याच्याविना हा पदार्थ होतच नाही ते खालून, घाट चढून येत होते.

असे महत्त्वाचे जिन्नस म्हटले की सरकारचे लक्ष जाणारच. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला. इंग्रजांनी पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये देण्याचे कबूल केले आणि गोव्याच्या मिठावर ताबा मिळवला. इंग्रजी मुलखात मिठावर कर होता आणि गोव्याचे स्वस्त मीठ घाट चढून येत होते, ते त्यांना थांबवायचे होते. मुरगाव बंदरापासून कॅसलरॉककडे येणारी रेल्वेही याच करारातून निघाली. १८९२ मध्ये करार संपला, पण मधल्या काळात गोव्याच्या मिठागरांना मोठा फटका बसला. पुढे १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. गांधीजींनी मीठच का निवडले हे घाटाखालच्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागले नसेल.

बाजेभोवतीच्या बायका

हे सारे लिहिताना एक गोष्ट वगळली तर हिशेब खोटा ठरेल. बेगमीचे कष्ट बायकांचे होते. आम्ही पुरुषमंडळी गव्हाचे पोते आणण्यापुरते, भरलेली बरणी वर ठेवण्यापुरते आणि पुढे वर्षभर जेवण्यापुरते. पहाटे चारला चीक शिजवायला उठणे, चुलीच्या धगीत जाड चीक घोटणे, भर उन्हात पापड उलटणे, वळवाची सर आली की धावत जाऊन सगळे गोळा करणे यात सुट्टी नव्हती. सोवळे-ओवळे होते. कोणी बरणीला हात लावायचा आणि कोणी नाही, कोणत्या चार दिवसांत लावायचा नाही, याचे नियम अनेकींना बोचणारे होते. गेलेल्या दिवसांची आठवण काढताना हा भाग गाळून नुसत्या गोड आठवणी सांगणे बरे नाही.

तरी त्यात एक देवघेवही होती. आज आमच्याकडे पापड लाटायचे, उद्या तुमच्याकडे. लाटणे-पोळपाट घेऊन गल्लीतल्या सगळ्या जमायच्या आणि मुले तेलात बुडवलेल्या उडदाच्या लाट्या खात मध्ये मध्ये लुडबुडायची. शेजारची कानडी बाई ज्याला ‘संडिगे’ म्हणायची त्याला आपण सांडगे म्हणत होतो. तिची ‘शाविगे’ म्हणजे आपली शेवई. पापडाला ती ‘हप्पळ’ म्हणे. कोहळ्याच्या सांडग्यात डाळ किती घालायची यावरून वाद होत, पण एक बाज पुरली नाही तर दुसरीच्या बाजेवर वाळवण जाई. आपल्या भागात भाषेवरून किती ताण झाले हे आपण सगळे जाणतो. त्याच काळात या गच्च्यांवर दोन्ही भाषांचे वाळवण एकाच उन्हात वाळत होते, हेही नोंदवून ठेवायला हवे.

पुढे यातूनच व्यवसाय उभे राहिले. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत पापड उभा राहिला. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गट बँकांशी जोडण्याची योजना सुरू केली. त्यानंतर उन्हाळ्याच्या तोंडावर पापड-मसाल्यासाठी कर्ज मागायला येणारे गट आम्ही नोकरीत पाहिले. त्यांचे हप्ते वेळेवर येत. घरात ज्या कामाला कधी किंमत लावली गेली नव्हती, त्याची किंमत पासबुकात उमटलेली पाहून त्या बायकांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसे, तो आम्ही विसरलेलो नाही.

आता काय राखायचे?

मुलांच्या प्रश्नाकडे परत येऊ. पावसाळ्यात आता चोर्ल्याचा रस्ता सहसा महिनोन्‌महिने बंद नसतो, घरात फ्रिज आहे, श्रावणातही भाजी येते. म्हणजे बेगमीचे मूळ कारण आपल्यापुरते संपले आहे. आमच्या वयाच्या मंडळींना तर डॉक्टरांनी पापड-लोणचे कमी करायला सांगितलेलेच असते. तेव्हा सुनांनी पहाटे चारला उठून चीक घोटावा, असे कोणी सुचवू नये. ज्यांना हौस आहे त्यांनी करावे, त्यात घरातल्या पुरुषांनी हात लावावा, आणि बाकीच्यांनी ज्या बायका हे काम करून विकतात त्यांच्याकडून योग्य दामाने घ्यावे. घासाघीस करताना आधी ते पाच दिवस आठवावेत.

पण दुसरी एक काळजी आहे आणि ती स्वयंपाकघराबाहेरची आहे. आपली बरणी नेहमीच दुसऱ्याच्या जमिनीवर उभी होती. गोव्यात मिठागरे कमी होत चालली आहेत. बांध फुटला आणि वेळेवर दुरुस्त झाला नाही की खाजनात खारे पाणी शिरते, शेती थांबते आणि हळूहळू तिवरांचे रान माजते. मजूर मिळत नाहीत, मिठाला भाव नाही. २००६ पासून थेट खाण्यासाठी विकायचे मीठ आयोडीनयुक्त असणे देशभर बंधनकारक आहे. त्यामागे गलगंडाचा खरा प्रश्न आहे, पण लहान मिठागरांचा बाजार त्याने आणखी आक्रसला. इकडे वळीव कधीही येतो आणि मार्चमध्येच ढग जमतात. कुरडयांची तिथी चुकायला लागली म्हणजे त्यामागचे हवामान बदलत आहे. घरात एखादा पदार्थ करणे बंद झाले तर पुन्हा सुरू करता येते. पण फुटलेला बांध, बुजलेले पेव किंवा मोडलेली आमराई पुन्हा उभी करणे एका पिढीचे काम नाही.

म्हणून मंडळाच्या सभासदांना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, घरातल्या ऐंशीच्या पुढच्या आजींकडून त्यांची बेगमी प्रमाणासह लिहून घ्यावी. ‘अंदाजाने’ असे त्या म्हणतील. तेव्हा त्यांचा अंदाज वाटीत घालून मोजावा. माल कुठून येई, कोण आणून देई आणि कोणत्या महिन्यात, हेही विचारावे. पाककृती पुस्तकात मिळेल, पण आपल्या घरी आमसुले पेडण्याहून येत की सावंतवाडीहून, हे कोणत्याही पुस्तकात नाही. दुसरी, उन्हाळ्यात गोव्याला जाल तेव्हा समुद्रकिनाऱ्याबरोबर एखादे मिठागरही मुलांना दाखवावे आणि येताना तिथल्या माणसाकडून खड्याचे मीठ विकत घ्यावे. यंदाच्या लोणच्याला तेच वापरावे. मुले पुन्हा विचारतील, हे कशासाठी? तेव्हा त्यांना सांगायला आपल्याजवळ मिठाच्या वाफ्यापासून बरणीपर्यंतची सगळी वाट असेल.